ईमॅक्सच्या कॅल्कची पुस्तिका अद्ययावत करताना: भागाकाराची सूचना नेमकी कुठे हवी?

कंसप्रेमी (धागाकर्ती)

गेले काही आठवडे रोज रात्री अर्धा-पाऊण तास मी कॅल्कची, म्हणजे ईमॅक्स या मजकूर-संपादकातल्या गणकयंत्राची, पुस्तिका पहिल्यापासून वाचते आहे. एका खिडकीत पुस्तिका, शेजारच्या खिडकीत कॅल्क, आणि पुस्तिकेतलं प्रत्येक उदाहरण स्वतः टंकून बघायचं, असा क्रम ठेवलाय.

सुरुवात एका तक्त्यापासून झाली. ऑर्ग-मोडमध्ये (ईमॅक्समधली टिपणं आणि तक्ते ठेवायची सोय) चाचण्यांचा हिशोब ठेवला होता: एका स्तंभात उत्तीर्ण चाचण्या, दुसऱ्यात एकूण, तिसऱ्यात टक्केवारी. सूत्र अगदी साधं होतं, उत्तीर्ण भागिले एकूण गुणिले १००. पहिल्या ओळीत ४५ आणि ६० होते, म्हणजे ७५ यायला हवे. आले साडेसात सहस्रांश! तासभर मी आकडेच तपासत बसले. कुठे जास्तीची मोकळी जागा आहे का, कुठे अंकाऐवजी अक्षर पडलंय का, सगळं पाहिलं. आकडे बरोबर होते. सूत्रही मला बरोबरच वाटत होतं.

कारण असं: ऑर्गच्या तक्त्यातली सूत्रं कॅल्क सोडवतं, आणि कॅल्कमध्ये गुणाकाराचा अग्रक्रम भागाकारापेक्षा वरचा आहे. म्हणून ४५/६०*१०० म्हणजे त्याच्या लेखी ४५/(६०*१००), म्हणजेच ४५ भागिले ६०००.

हा कॅल्कचा दोष नाही, ते तसंच ठरवलेलं आहे आणि पुस्तिकेत लिहिलेलंही आहे. पण मला ते चूक झाल्यावर सापडलं. पुस्तिकेत सुधारणा सुचवायच्या म्हणून मी टिपणं काढतेय, त्यात हा मुद्दा सगळ्यात वर आहे. प्रश्न एवढाच की ही सूचना कुठे ठेवली तर ती चूक होण्याआधी वाचली जाईल?

(कळा आणि अंक इथे देवनागरीत लिहितेय. प्रत्यक्ष टंकताना अर्थातच इंग्रजी कळा आणि इंग्रजी अंक.)

दशांश

हा नियम आला कुठून ते आधी सांगतो, म्हणजे सूचना लिहिताना सूर चुकणार नाही.

कॅल्कमध्ये गुणाकाराचं चिन्ह न लिहिता दोन चलं शेजारी शेजारी ठेवली तरी गुणाकार होतो. कागदावर आपण 'अ / ब क' लिहितो तेव्हा ब आणि क दोन्ही छेदात आहेत असंच बहुतेक जण वाचतात. कॅल्क ते तसंच वाचतं, आणि तारा घालून लिहिलेल्या गुणाकारालाही तोच नियम लावतं. बीजगणित करणाऱ्याला हे सोयीचं पडतं. सी किंवा पायथनमधून आलेल्याला मात्र धक्का बसतो, कारण तिथे * आणि / एकाच पायरीवर असतात आणि डावीकडून उजवीकडे सोडवले जातात.

१२/३*२ करून बघा. सवयीने ८ म्हणाल, कॅल्क २ म्हणेल. पुस्तिकेत टक्केवारीपेक्षा असं छोटं उदाहरण बरं, पूर्णांकात उत्तर येतं आणि फरक लगेच डोळ्यांत भरतो.

नवा_बफर

मी नवीन आहे, चुकत असेन तर सांगा. एवढे लोक फसतात तर नियमच का बदलत नाहीत? पुस्तिकेत सूचना वाढवत बसण्यापेक्षा एकदा डिफॉल्ट बदललं की विषय संपला.

दशांश

@नवा_बफर, विषय संपणार नाही, उलट तिथून सुरू होईल. लोकांच्या फायलींमध्ये वर्षानुवर्षांची सूत्रं आहेत. ज्यांना नियम माहीत आहे त्यांनी तो गृहीत धरून कंस न घालता लिहिलेली. डिफॉल्ट बदललं तर ती सगळी सूत्रं काहीही न बोलता वेगळं उत्तर देतील. गणकयंत्राने चूक दाखवून थांबणं परवडतं, पण निमूटपणे दुसरंच उत्तर देणं फार वाईट.

आणि ज्याला हवं त्याच्यासाठी पर्याय आहेच. 'कॅल्क-मल्टिप्लिकेशन-हॅज-प्रिसिडन्स' हे चल निल (म्हणजे 'नाही') केलं की दोन्ही क्रिया एकाच पायरीवर येतात. तो बदल फक्त तुमच्या ईमॅक्सपुरता. तीच फाईल दुसऱ्याने उघडली की त्याच्याकडे जुना नियम, म्हणजे उत्तर पुन्हा वेगळं. म्हणून पुस्तिकेत या चलाचा उल्लेख करताना हे वाक्यही जोडायला हवं. सामायिक फायलींत कंस घालणं हाच खात्रीचा मार्ग.

स्टॅकवाली

मी गेली अनेक वर्षं कॅल्क वापरते आणि या सापळ्यात एकदाही सापडले नाही. हुशारीचा काही संबंध नाही, मी स्टॅकवर काम करते (आधी आकडे एकावर एक रचायचे, मग क्रियेची कळ दाबायची), एवढंच. कंसप्रेमीचाच हिशोब स्टॅकवर असा होतो. कंट्रोल-एक्स * सी ने कॅल्क उघडायचं, ४५ टंकून रिटर्न, मग ६०:

२:  ४५
१:  ६०
    .

आता / दाबलं की

१:  ०.७५
    .

मग १०० टंकून *:

१:  ७५.
    .

कुठे कंस नाही, अग्रक्रम नाही. कोणती क्रिया आधी हे तुम्ही कळ दाबून सांगितलेलं असतं. त्यामुळे पुस्तिकेत स्टॅकच्या प्रकरणात ही सूचना घालून उपयोग नाही, तिथला वाचक फसतच नाही. फसतो तो सूत्र एका ओळीत लिहिणारा. त्याचे मार्ग मोजके आहेत: कॅल्कमध्ये अपॉस्ट्रॉफी दाबून बैजिक सूत्र देणं, कंट्रोल-एक्स * क्यू चं झटपट गणकयंत्र, मजकुरातच सूत्र सोडवणारा एम्बेडेड मोड, ऑर्गचे तक्ते, आणि ईमॅक्सच्या लिस्प भाषेतून कॅल्क-इव्हॅल. सूचना यांच्या दाराशी लावा.

नवा_बफर

@स्टॅकवाली, शेवटच्या उत्तरात ७५ नंतर टिंब आहे ती टंकनचूक का? पुस्तिका वाचताना मलाही असे टिंब दिसले. मी त्यांची यादी करत होतो, छापताना राहिलेल्या चुका म्हणून पाठवायला.

स्टॅकवाली

बरं झालं विचारलंत! ती यादी पाठवू नका. तो टिंब मुद्दाम आहे.

कॅल्क पूर्णांक आणि दशांश संख्या वेगळ्या ठेवतं. पूर्णांक कितीही मोठा असला तरी अचूक राहतो, तर दशांश संख्येची अचूकता मर्यादित असते, डिफॉल्ट १२ अंक. उत्तर दशांश प्रकारचं असेल आणि नेमकं पूर्ण आलं असेल, तर 'ही दशांश आहे' हे सांगायला शेवटी टिंब येतो. ०.७५ दशांश होता, त्याला १०० ने गुणलं, म्हणून '७५.'. तेच आधी १००*४५ करून मग ६० ने भागलंत तर ४५०० भागिले ६०, भाग नि:शेष जातो, आणि उत्तर टिंबाविना '७५' असं पूर्णांकात येतं.

म्हणजे त्या एका टिंबात उत्तर कोणत्या वाटेने आलं हे कळतं. पुस्तिकेतून तो काढला तर उदाहरण चुकीचं होईल.

कंसप्रेमी

हे वाचून मी माझी टिपणं परत काढली. मीही दोन ठिकाणी टिंबापुढे प्रश्नचिन्ह केलं होतं. खोडलं.

आणि एक गोष्ट लक्षात आली. १००*उत्तीर्ण/एकूण असा नुसता क्रम बदलला तरी कंसाविना बरोबर उत्तर येतं, वर ते अचूकही राहतं. सूचनेत कंसाबरोबर हेही द्यावं का?

दशांश

नको. क्रम बदलणं ही या एका सूत्रापुरती युक्ती आहे, कंस सगळीकडे चालतात. सूचना जितकी आखूड तितकी ती वाचली जाईल.

अचूकतेचा विषय निघालाच आहे तर: फ्रॅक्शन मोडमध्ये (एम एफ) ४५ भागिले ६० चं उत्तर ३:४ असं अपूर्णांकात येतं आणि पुढचा गुणाकार नेमका ७५. अनेक वर्षं वापरणाऱ्यांनाही हे माहीत नसतं.

रात्रपाळी

मी तांत्रिक लेखन करतो, पुस्तिका दुरुस्त करणं हेच माझं काम, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आपल्याकडे पुस्तिका 'अद्ययावत करणं' म्हटलं की लोक भाषा चकचकीत करायला घेतात. कॅल्कच्या पुस्तिकेला त्याची गरज नाही. कॅल्कचे कर्ते डेव्ह गिलेस्पी यांनी ती लिहिली तेव्हा वाचकाशी बोलल्यासारखी लिहिली, सरावाचे प्रश्न दिले, त्यांची उत्तरं समजावून दिली. मूळ फाईल (टेक्सइन्फो या पुस्तिका लिहायच्या स्वरूपातली) तीस हजारांहून जास्त ओळींची आहे, आणि इतक्या लांबीच्या पुस्तिकेत एकच आवाज टिकून राहणं विरळा. तिथे हात लावायचा तो सावकाश, आणि फक्त जिथे प्रोग्रॅम बदलला पण मजकूर मागे राहू शकतो तिथेच. माझ्या अनुभवात अशा जागा तीन प्रकारच्या असतात.

पहिला प्रकार कळांचा. कॅल्क उघडायची जुनी कळ मेटा-# होती, आता कंट्रोल-एक्स * आहे. इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत अजून मेटा-# सापडते. वाचक ती दाबतो, काही होत नाही, आणि आपल्या ईमॅक्समध्ये कॅल्क नाही असं समजून निघून जातो. पुस्तिकेत जुन्या कळेचा एक उल्लेख असलेला बरा, कारण माणूस शोधतो ते त्याच्या हातातल्या जुन्या लेखातल्या नावाने.

दुसरा प्रकार गृहीतकांचा. तारखांचं घ्या. ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींत २ सप्टेंबर १७५२ नंतरचा दिवस १४ सप्टेंबर धरला गेला, मधले ११ दिवस गाळले. कॅल्क पूर्वी हा बदल धरून तारखा मोजायचं. आता डिफॉल्टने सगळ्याच तारखांना ग्रेगोरियन दिनदर्शिका लावतं, आणि जुना हिशोब हवा असेल तर 'कॅल्क-ग्रेगोरियन-स्विच' हे चल वापरायचं. १७५२ च्या आधीच्या तारखेचं उदाहरण कुणी जुन्या प्रतीवरून उतरवलं तर उत्तर आज जुळणार नाही. वाचणाऱ्याला मात्र ते अगदी बरोबर दिसेल.

तिसरा प्रकार स्थिरांकांचा. २० मे २०१९ पासून एसआय एककांच्या नव्या व्याख्या लागू झाल्या आणि प्लांकचा स्थिरांक, इलेक्ट्रॉनचा प्रभार, बोल्ट्झमनचा स्थिरांक आणि ॲव्होगाड्रोची संख्या या चारही किमती नेमक्या ठरवून दिल्या गेल्या. त्याआधी त्या मोजून काढल्या जायच्या आणि दर काही वर्षांनी शेवटचे अंक हलायचे. म्हणून माझा नियम: पुस्तिकेत स्थिरांकाची किंमत अंकांत छापायची नाही. ती कशी बघायची ते सांगायचं. यू व्ही दाबलं की एककांचा अख्खा तक्ता दिसतो, यू जी ने एकाच एककाची व्याख्या मिळते. प्रोग्रॅममधला तक्ता बदलला तरी पुस्तिका खोटी पडत नाही.

भाषेतली चूक वाचकाला दिसते, या तिन्ही दिसत नाहीत. म्हणून कंसप्रेमीची पद्धतच बरोबर: वाचायचं नाही, टंकून बघायचं.

ओळ_बेचाळीस

एककांचं निघालंय तर माझे दोन अनुभव.

एक, तापमान. २५ अंश सेल्सियसचं फॅरनहाइट करायला मी यू सी वापरलं. उत्तर ४५. खोलीत बसून हिशोब करत होतो, बाहेर ऊन नव्हतं, म्हणून आकडा खटकला. यू सी तापमानाकडे फरक म्हणून पाहतं: २५ अंश सेल्सियसची वाढ म्हणजे ४५ अंश फॅरनहाइटची वाढ. प्रत्यक्ष तापमान बदलायचं तर यू टी, मग ७७ येतं. पुस्तिकेत हे नीट सांगितलंय, पण यू सी सरावाचं झाल्यावर ते पान परत कोण उघडणार?

दोन, 'पीटी'. छपाईच्या मजकुराची मापं काढताना मी पीटी लिहिलं, पॉइंट समजून. कॅल्कमध्ये पीटी म्हणजे पिंट. आकारमान! छपाईच्या पॉइंटसाठी 'पॉइंट' असं पूर्ण लिहावं लागतं. इथे निदान लांबीचं एकक आकारमानाशी जुळलं नाही म्हणून गडबड कळली.

स्टॅकवाली

@ओळ_बेचाळीस, तापमानाचं उदाहरण भागाकाराच्याच जातीचं आहे. कॅल्क बरोबर, पुस्तिका बरोबर, तरी माणूस चुकतो, कारण सूचना वाचण्याची वेळ आणि चूक करण्याची वेळ वेगळी.

नवा_बफर

मग सूचनेची जागा बदलून तरी काय होणार? लोक वाचतच नाहीत.

रात्रपाळी

वाचतात, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत नाही. अडल्यावर शोधतात. इन्फोमध्ये (ईमॅक्समधली पुस्तिका वाचायची सोय) पुस्तिका उघडून आय दाबलं की सूचीतला शब्द विचारतो. तिथे वाचक जो शब्द टाकेल तो सूचीत असायला हवा. भागाकारावर अडलेला माणूस 'अग्रक्रम' शोधेलच असं नाही, त्याला तो शब्द आठवतही नसेल. तो 'भागाकार' शोधेल, 'टक्केवारी' शोधेल, 'चुकीचं उत्तर' शोधेल. टेक्सइन्फोमध्ये सूचीची नोंद ही @ ने सुरू होणारी एक ओळ असते, परिच्छेदाच्या डोक्यावर लिहायची, बस. एका परिच्छेदाला अशा चार नोंदी दिल्या तरी छापील मजकुरात एक अक्षर वाढत नाही.

माझ्या मते नवीन परिच्छेदांपेक्षा या नोंदींनी जास्त काम होईल.

कंसप्रेमी

हे मला सुचलंच नव्हतं. तासभर आकडे तपासत बसले तेव्हा शेवटी मी पुस्तिकेत नेमका 'टक्केवारी' हाच शब्द शोधला होता.

ओळ_बेचाळीस

पुस्तिकेत इतिहासाचा भाग आहे तो गाळून जागा करता येईल का? गणकयंत्र वापरणाऱ्याला त्याची गरज काय?

दशांश

कृपया तो भाग राहू द्या. गिलेस्पींनी त्यात सांगितलंय की एका मित्राने २ चा ३२ वा घात विचारला, त्यांनी एक्सकॅल्क हे दुसरं गणकयंत्र उघडलं, आणि उत्तर दिसलं ४.२९४९६७ई+०९. दहाही अंक यंत्राच्या स्मृतीत होते आणि बघायची सोय नव्हती. त्या वैतागातून त्यांनी स्वतःचं गणकयंत्र लिहायचं ठरवलं, दोन आठवड्यांचं काम म्हणून.

आज कॅल्कमध्ये २ रिटर्न ३२ ^ केलं की ४२९४९६७२९६, पूर्ण दहा अंक. पूर्णांक अचूक का ठेवले, टिंब का दाखवतो, अचूकता पी कळेने हवी तेवढी का वाढवता येते, या सगळ्याचं मूळ त्या एका प्रसंगात आहे. वर नवा_बफर टिंब काढायला निघाले होते. हा भाग आधी वाचला असता तर त्यांना शंका आली नसती.

नवा_बफर

आत्ता वाचला. खरं आहे.

रात्रपाळी

मागे पाठवलेल्या दुरुस्त्यांवरून एक कामाची गोष्ट: साधारण पंधरा ओळींच्या आतला बदल असेल तर स्वामित्वहक्काची कागदपत्रं भरावी लागत नाहीत. त्याहून मोठा असेल तर फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे ती प्रक्रिया करावी लागते. ती अवघड नाही, फक्त वेळ जातो. सूचीच्या नोंदी आणि दोन वाक्यं पंधरा ओळींत आरामात बसतात. बाकीची टिपणं वेगळी ठेवा. एका पॅचमध्ये (म्हणजे पाठवलेल्या दुरुस्तीत) एकच विषय असला की तपासणाराही खूश असतो.

कंसप्रेमी

ठीक. मग आधी मराठीत मसुदा करते, अर्थ पक्का झाला की इंग्रजीत उतरवणं सोपं जाईल. झटपट गणकयंत्राच्या भागासाठी:

'लक्षात ठेवा, कॅल्कमध्ये गुणाकाराला भागाकारापेक्षा जास्त प्राधान्य असल्यामुळे १२/३*२ यासारख्या सूत्राचे उत्तर इतर प्रणालींपेक्षा वेगळे येऊ शकते, त्यामुळे आवश्यकतेनुसार कंसांचा वापर करावा.'

स्टॅकवाली

'वेगळे येऊ शकते' कशाला? येतंच. आणि किती येतं ते लिहा. 'आवश्यकतेनुसार' काढा, ती आवश्यकता कधी असते हेच तर वाचकाला माहीत नाही.

दशांश

'इतर प्रणाली'सुद्धा काढा. काही ठिकाणी असा नियम आहे, काही ठिकाणी नाही. कॅल्कमध्येही डी सी ने (सी कॅपिटल) सी भाषेचा मोड लावला की दोन्ही क्रिया एकाच पायरीवर येतात. आपल्याला नेहमीच्या मोडबद्दल बोलायचंय.

कंसप्रेमी

दुसरा प्रयत्न:

'नेहमीच्या मोडमध्ये कॅल्क भागाकाराआधी गुणाकार करते. १२/३*२ म्हणजे १२/(३*२), उत्तर २. उत्तर ८ हवे असेल तर (१२/३)*२ असे लिहा.'

स्टॅकवाली

हेच. एक शब्दही वाढवू नका.

रात्रपाळी

+१. सूचीत चार नोंदी: भागाकार, गुणाकार, टक्केवारी, कंस. 'चुकीचं उत्तर' मोहक वाटत होतं, पण त्या नावाखाली उद्या काहीही गोळा होईल.

ओळ_बेचाळीस

यू सी च्या भागात तापमानासाठी सूचीची नोंद आहे का ते मी बघतो. नसेल तर त्याचा वेगळा पॅच मी करेन.

कंसप्रेमी

चालेल. मी आज हे इंग्रजीत उतरवते आणि इन्फो फाईल बांधून बघते. आय दाबून 'टक्केवारी'चा इंग्रजी शब्द टाकल्यावर या परिच्छेदावर पोचता आलं, तरच पाठवेन. @नवा_बफर, तुमची टिंबांची यादी फेकू नका. त्यातलं प्रत्येक उदाहरण टंकून बघाल का? जिथे पुस्तिकेत टिंब आहे आणि कॅल्कमध्ये येत नाही, किंवा उलट, तेवढंच इथे लिहा.

नवा_बफर

सरावाच्या प्रकरणापासून सुरू केलंय. पहिली अकरा जुळली.